उतरलेला गंधार

पेटी दुरुस्त करणाऱ्याला गाता येतं का, हा प्रश्न मला आयुष्यभर लोकांनी विचारला. नाही येत. घड्याळजी वेळेवर येतोच असं थोडंच आहे? मला गाता येत नाही, पण कुणाच्या पेटीचं कुठे दुखतंय ते ऐकलं की कळतं. नांदेडला इतवाऱ्यातल्या एका खोलीत बसून मी चाळीसेक वर्षं हार्मोनियमचे भाते शिवले आणि सूर मिळवले. वडील निजामाच्या तहसील कचेरीत कारकून होते. मुलानं मिडल पास होऊन कचेरीत चिकटावं ही त्यांची इच्छा. मी उर्दूत नापास झालो आणि हैदराबादहून आलेल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींच्या हाताखाली बसलो. भात्याला कातडं लागतं, म्हणून भाता शिवला त्या दिवशी विहिरीवर आंघोळ केल्याशिवाय वडील मला घरात घेत नसत. उन्हाळ्यात ते बरं वाटायचं, थंडीत वडिलांचा राग यायचा.

माझ्या दुकानात एक लांब फळी होती. गावातल्या सगळ्या पेट्या त्या एका फळीवर येऊन बसत. गाडीपुऱ्यातल्या भजनी मंडळाची, कव्वालांची, गुरुद्वाऱ्यात कीर्तन करणाऱ्यांची, बारीत नाचगाणं करणाऱ्या बायांची. एक बुवा बजावून जायचे, "पंत, आमची पेटी त्या बारीवालीच्या पेटीला खेटून ठेवायची न्हाई." मी हो म्हणायचो आणि ते वळले की जिथे जागा असेल तिथे ठेवायचो. बारीवाल्या गुलाबबाईचं बरोबर उलटं. ती म्हणायची, "बुवाच्या पेटीजवळच ठिवा. जरा पुण्य लागंल."

आमचं शास्त्र थोडक्यात सांगतो. पेटीतला सूर म्हणजे पितळेची एक बारीक जीभ. वारा लागला की ती थरथरते आणि वाजते. जिभेचं टोक खरडलं की सूर चढतो, बुडाशी खरडलं की उतरतो. दोन सूर जवळजवळ असले आणि एकदम वाजवले, तर आवाज पाळण्यासारखा हेलकावे खातो. सूर एक झाले की हेलकावे थांबतात. मी दुकानात एक मापाची पेटी ठेवली होती, तिच्याशी ताडून बाकीच्या पेट्या मिळवायच्या.

काम झालं तरी गिऱ्हाईक पेटी तशीच उचलत नाही. ते म्हणतं, वाजवून दाखवा. म्हणून प्रत्येक पेटीवाल्याची एक ठरलेली चाल असते. ती अशी हवी की खालपासून वरपर्यंत प्रत्येक पट्टीवरून बोट फिरलं पाहिजे. आमचे उस्ताद, म्हणजे ते म्हातारे मिस्त्री, तिला हजेरी म्हणायचे. हजेरी झाल्याशिवाय पेटी दुकानाबाहेर जायची नाही, हा त्यांचा नेम होता. गिऱ्हाइकांनाही तो पाठ होता. हजेरी न झालेली पेटी घरी नेणं म्हणजे जावळ अर्धंच काढलेलं पोर घरी नेण्यासारखं मानत.

निजामाचं राज्य जायच्या आठ-दहा वर्षं आधीची गोष्ट. दस्तगीरभाई माझ्याकडे आले. ते कव्वाल होते, कंधारच्या उरुसात त्यांची गाण्याची चौकी बसायची. उंच माणूस, गाताना डावा डोळा मिटायची सवय. पेटी समोर ठेवून म्हणाले, "पंत, इसका गंधार गिराओ."

गंधार म्हणजे सा-रे-ग मधला ग. मला वाटलं चढला असेल. मापाच्या पेटीशी ताडून पाहिला, अगदी जागेवर होता.

"बरोबर आहे की," मी म्हणालो.

"बरोबर है इसीलिए तो गिरानेकू बोलरा हूँ."

मग त्यांनी सांगितलं. त्यांची अम्मा जात्यावर दळताना गायची. आपल्याकडे ओव्या, तशी त्यांच्या घरात दखनीतली चक्कीची गाणी. अम्मा जाऊन दोन वर्षं झाली होती. तिची एक चाल त्यांना कव्वालीत बसवायची होती. पण पेटीवर वाजवली की अम्मा त्यातून निघून जायची, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी दोन ओळी नुसत्या आकारात गाऊन दाखवल्या. तिचा गंधार शुद्धही नव्हता आणि कोमलही नव्हता. जिन्याची एक पायरी वापरून वापरून जराशी खाली बसावी, तसा तो बसलेला होता.

मी साफ नाही म्हणालो. सूर सुधारायचा माझा धंदा, बिघडवायचा नव्हे. पंतांच्या दुकानातून पेटी बेसूर बाहेर पडली हे गावात कळलं तर माझ्या दारात कुत्रंही फिरकणार नाही.

"लोगाँकू मैं बोलूँगा, मैंने गिराया," ते म्हणाले आणि मांडी घालून बसले.

सगळा दिवस गेला. मी जिभेच्या बुडाशी कानस फिरवायचो, सूर बसवून वाजवायचो, ते मान हलवायचे. पुन्हा काढायचा, पुन्हा खरडायचा. संध्याकाळच्या सुमारास एकदा सूर वाजला आणि त्यांनी माझा हात धरला. "बस. अम्मा आ गई," म्हणाले. मी हत्यारं पुसत बसलो. मापाच्या पेटीशी तो सूर एका श्वासात पाच हेलकावे खात होता, हे मी कारागिराच्या सवयीनं मनात नोंदवून ठेवलं.

त्या साली उरुसात त्यांनी ती चाल शेवटी गायली आणि लोकांनी त्यांना उठू दिलं नाही. आणि ती चाल माझ्या बोटांना चिकटली. खालच्या पट्टीपासून वर चढत जाऊन पुन्हा खाली येणारी, म्हणजे हजेरीला अगदी बेतल्यासारखी. उस्तादांची जुनी नाटकी चाल मी सोडली आणि हीच वाजवू लागलो. गिऱ्हाइकांच्या पेट्यांत तो उतरलेला गंधार कुठून असणार? मी सरळ गंधार लावून वाजवायचो. दस्तगीरभाईंना विचारलं नाही. विचारायचं असतं हे सुचलंही नाही.

वर्षातून दोनदा मी हत्यारांची पेटी घेऊन लातूरला जायचो. तिथल्या गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, शिवलिंगअप्पा म्हणून आडत्ये होते. लिंगायत, कपाळावर विभूतीचे पट्टे, आणि स्वतःचं भजनी मंडळ. त्यांच्या ओसरीत बसून मी पंचक्रोशीतल्या पेट्या दुरुस्त करायचो. उदगीर-देवणीकडूनही बैलगाड्यांतून पेट्या यायच्या. अप्पा पोत्याला टेकून ऐकत बसत. "लई ग्वाड हाय हो. पंत, आणिक एकदा लावा की हजेरी." मला कौतुकाची हाव. मी एका पेटीची हजेरी चार-चारदा लावायचो.

पुढच्या श्रावणात गेलो तर अप्पांच्या मंडळाचं भजन चाललेलं. मी ओसरीत चढता चढता थांबलो. दस्तगीरभाईंची चाल. निम्म्या लयीत, मृदंगावर, शिवाच्या नावाला बांधलेली. ओळीच्या शेवटी त्यांनी एक मुक्काम नवा घातला होता. वरच्या सुरावर सगळं मंडळ 'हर' म्हणून थांबायचं आणि मग सावकाश खाली यायचं. खरं सांगतो, तो मुक्काम मूळ चालीत नसूनही मूळचाच वाटत होता.

भजन संपल्यावर मी विचारलं, "अप्पा, ही चाल कुठली?"

"ही व्हय? ही आमच्या आज्ज्यापासून हाय."

शेजारचे दोन म्हातारे माना डोलवत होते. सहा महिन्यांपूर्वी याच ओसरीत माझ्या हजेरीतून उचललेली चाल, आणि तिला आजोबाही मिळाला होता. मी गपचूप चहा प्यालो.

लातूरच्या जत्रेतून गुलाबबाईनं ती उचलली. नांदेडला आणून ढोलकीवर दुप्पट लयीत बसवली आणि शेवटी एक झटका दिला, ओळ संपली असं वाटावं आणि ती पुन्हा कंबर हलवून उभी राहावी असा. तिला कुठली म्हणून विचारलं तर म्हणाली, लातूरची. बारीतून ती बँडवाल्यांनी घेतली. मग लग्नाची वरात दुसऱ्या चालीवर निघेना. हॉटेलवाल्याचा फोनो मुंबईच्या तबकड्या वाजवायचा, पण तबकडी संपली की गल्ल्यावर बसलेला माणूस हीच शीळ घालायचा.

एका वरातीत दस्तगीरभाईंनी ती ऐकली. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात येऊन बसले. "पंत, बँडवाले के पास अम्मा कैसे पहुँची?"

मी सगळं सांगितलं. हजेरी, अप्पा, गुलाबबाई, बँड. वाटलं, आता दोस्ती संपली. त्यांनी फळीवरच्या पेट्यांवरून नजर फिरवली आणि हसले. "अम्मा की चक्की पे पूरा मोहल्ला आटा पिसाता था. उसने किसीकू ना नहीं बोला." पुढच्या उरुसात त्यांनी स्वतः लातूरचा मुक्काम घेतला, गुलाबबाईचा झटका घेतला आणि दोन्हींना जोडून असा काही रंग भरला की बारीतले ढोलकीवाले मागे उभं राहून माना डोलवत होते. लोक आता त्यांच्याबरोबर गायचे, कारण चाल सगळ्यांना पाठ होती. मीही मागे उभा होतो. हे सगळं आपण घडवलं, असं मनातल्या मनात म्हणत होतो. कारागिराचा गर्व असाच चोरून केलेला असतो.

त्याला दोन-तीन वर्षं झाली. एक दिवस दस्तगीरभाई पेटी घेऊन आले. भात्याची एक घडी फाटली होती. ती दाखवून म्हणाले, "और पंत, इसका गंधार बिगड गया. कान को चुभता है. सीधा कर दो."

मला वाटलं चेष्टा करतायत. चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. मी फाटलेल्या घडीवर तळवा दाबून भाता हलवला, मापाची पेटी शेजारी ठेवली आणि दोन्ही गंधार एकदम वाजवले. हेलकावे मोजले. एका श्वासात पाच. सूर तसूभर हलला नव्हता.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. वरातीत, बारीत, भजनात, हॉटेलात, गेली काही वर्षं हा माणूस आपल्या अम्माची चाल सरळ गंधारानं ऐकत होता. उरुसात शेकडो लोक त्याच्याबरोबर सरळ गंधार लावत होते. त्यांच्या रेट्यात त्याचाही गळा सरळ झाला होता. आता अम्माचा सूर त्यालाच बेसूर लागत होता, आणि पहिला सरळ गंधार माझ्या बोटांनी वाजवला होता.

दोन वाक्यांत सांगता आलं असतं. माझी जीभ रेटेना. "ठेवून जा, बघतो," म्हणालो.

पेटी फळीवर ठेवली. सूर सरळ करणं म्हणजे टोकाशी चार वेळा कानस फिरवणं, घटकाभराचं काम. पण माझ्या हातानं ते होईना, आणि न करण्याचं कारण सांगवेना. मग मी सबबी सांगू लागलो. कातडं आलं नाही. हवा दमट आहे. सरस चांगला नाही. ते दर आठ-पंधरा दिवसांनी यायचे, माझं ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्याची पेटी मागून घेऊन कार्यक्रम करायचे. असे किती महिने गेले ते सांगायलाही मला आज लाज वाटते.

मग दिवस फिरले. रझाकारांच्या धाकानं गावातली आमच्यासारखी घरं कुलपं लावून सरहद्दीपलीकडे जाऊ लागली. आम्ही उमरखेडला सासुरवाडीला गेलो. घराची आणि दुकानाची किल्ली मी दस्तगीरभाईंकडे दिली. पेटीचा विषय मी काढला नाही, त्यांनीही काढला नाही.

निजामाचं राज्य गेलं आणि आम्ही परतलो. आता वाडे-वस्त्यांतून दस्तगीरभाईंसारख्यांच्या घरांना कुलपं लागत होती. दस्तगीरभाईंनी किल्ली आणून दिली. दुकान उघडलं तर धूळसुद्धा पुसलेली. फळीवरच्या सगळ्या पेट्या जागच्या जागी, आणि त्यात त्यांची स्वतःचीही.

"तुमची तरी न्यायची होती," मी म्हणालो.

"दुरुस्त नहीं हुई ना. हजेरी के बगैर कैसे ले जाता?"

त्यांनी सांगितलं, सगळं घरदार हैदराबादला बहिणीकडे जाणार आहे. चार दिवसांनी निघायचं. तोवर पेटी मिळेल का?

तेव्हा मी सांगितलं. घरी ओसरीत बसून, त्यांची पेटी मध्ये ठेवून, सगळं सांगितलं. सूर बिघडलेला नाही. तुमचा कान फिरला आणि तो माझ्या हजेरीनं फिरवला. त्यांना पटेना. एका हातानं भाता दाबून दुसऱ्या हातानं ते तो गंधार पुन्हा पुन्हा वाजवत होते. "नक्को पंत. ये अम्मा का नहीं है. उसका मेरेकू याद नहीं क्या?" त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. आई दुसऱ्यांदा जावी तसा माणूस भेदरला होता.

आत माझी बायको सुभद्रा ज्वारी दळत होती. घरात पिठाचा कण नव्हता, त्यामुळे आल्या आल्या तिनं जातं धुऊन पुसून मांडलं होतं. त्याची घरघर ऐकून दस्तगीरभाईंनी भाता सोडला. मग उठून दाराशी गेले. "वैनी, मैं जरा हात लगाऊँ?"

सुभद्रानं माझ्याकडे पाहिलं. ते दिवस कसले होते, आणि परका पुरुष आपल्या घरात जात्याला बसणार. ती जरा सरकली. खुंट्याची वरची बाजू मोकळी करून म्हणाली, "बसा भाऊजी. पीठ जाड पडलं तर मात्र मी ऐकून घेनार न्हाई."

दोघांनी जातं ओढलं. पहिले चार-पाच फेरे ते नुसतेच ओढत होते. मग हलक्या आवाजात चाल सुरू झाली. दगड स्वतःकडे येताना सूर वर चढायचा आणि पलीकडे लोटताना छाती दबायची. त्या दाबाखाली गंधार आपसूक खाली बसला. मी ओसरीत फाटका भाता दाबून पेटीवरचा गंधार धरला. दोन्ही एक झाले. एकही हेलकावा नव्हता.

त्यांनाही कळलं. पण ते थांबले नाहीत. पायलीभर ज्वारी संपेपर्यंत गात राहिले. सुभद्रानं मान खाली घातली होती. मी भाता सोडला नाही. हात भरून आला, तरी सोडवेना.

पीठ भरून झाल्यावर ते बाहेर आले. हाताला पीठ तसंच. "उसकू हात मत लगाना. सिर्फ भाता करना," म्हणाले.

त्याच दुपारी मी नवं कातडं घातलं. भात्याला सरस लावला की दोन दिवस ओढायचा नसतो, पावसाळी हवेत तीन. चार दिवस हाताशी होते. मला वाटलं, एकदाची चूक निस्तरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दारात उभे. खांद्यावर गाठोडं, मागे टांग्यात बायकापोरं. नातेवाइकांचं आजच निघायचं ठरलं होतं, गाडीची वेळ झाली होती. मी पेटी पुढे आणली. भात्याच्या कडेला बोट लावलं तर सरस बोटाला चिकटला.

"ओला आहे," मी म्हणालो. "तरी न्या. तिकडे कुणीही सुकवून देईल."

"उधर कोई सीधा भी कर देगा." त्यांनी पेटीच्या झाकणावरून हात फिरवला. "इसका गंधार जाननेवाला एक तू है. रहने दे. मैं आके ले जाऊँगा. हजेरी तभी बजाना."

टांगा वळेपर्यंत मी ओल्या भात्याची पेटी छातीशी धरून उभा होतो. पहिल्याच महिन्यात भाता शिवला असता, तोंड उघडून खरं सांगितलं असतं, तर पेटी त्यांच्या गाठोड्याबरोबर गेली असती. आपल्या भित्रेपणानं एका गाणाऱ्याला पेटीवाचून पाठवलं, ही खंत तेव्हापासून माझ्याजवळ आहे. बहिणीच्या पत्त्यावर मी पत्रं टाकली. उत्तर आलं नाही. पुढे दोनदा हैदराबादला जाऊन आलो. त्या मोहल्ल्यात कुणी म्हणालं समंदरपार गेले, कुणी म्हणालं असं कुणी इथे नव्हतंच.

त्यानंतर मी हजेरीची चाल बदलली. ती चाल मात्र गावानं सोडली नाही. लातूरला अप्पांच्या मंडळात आता त्यांचे नातू ती लाउडस्पीकरवर म्हणतात, आणि चाल आमच्या आज्ज्यापासूनची आहे हे आता खरंही झालंय. बारी बंद झाली, बँडात नवी वाद्यं आली, तरी एखाद्या वरातीत गुलाबबाईचा तो झटका कानावर येतो. सगळे सरळ गंधारानं वाजवतात. गोडच वाटते. मला फक्त ती खाली बसलेली पायरी आठवते आणि पाय रिकामा पडतो.

दुकान आता मी बंद केलं. फळी घरी आणली, आणि तिच्यावर ती एकच पेटी आहे. दर चार-सहा वर्षांनी मी तिचा भाता बदलतो, झुरळं होऊ देत नाही. सुभद्रानं जातं ठेवलंय. कोपऱ्यावर गिरणी आली तेव्हा सुनेनं ते परसात टाकू म्हटलं, तर सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला. गाणारी मंडळी घरी येतात, सहज पेटीवर हात टाकतात आणि म्हणतात, "पंत, एवढे तुम्ही पेटीवाले, आणि हिचा गंधार उतरलाय की." मी म्हणतो, हाव, उतरलाय. ज्याची पेटी आहे तो आला की विचारू.

भात्याचा सरस केव्हाच सुकला. हजेरी तेवढी राहिली आहे.